कुणग्याचा रिपोर्ट

रक्तातली साखर तपासायची तारीख जवळ आली की भाई आठवडाभर साधुपुरुष होत. चहा बिनसाखरेचा, दुपारी दोन घास भात, रात्री नुसती ताकाची वाटी आणि सकाळी उठून खाडीच्या बांधावर येरझारा. रिपोर्ट चांगला आला की डॉक्टर खूश, भाई खूश, आणि त्याच संध्याकाळी मालवणच्या बाजारातून गुळाचं खाजं घेऊन भाई घरी हजर. त्यांची बायको रुक्मिणीकाकी एकदा वैतागून म्हणाल्या, "ह्यो रिपोर्ट तुमचो नाय, तुमच्या उपासाचो."

भाईंना ते पटणं शक्य नव्हतं. त्यांनी पोस्टात हयात काढली होती. इन्स्पेक्शन म्हटलं की आदल्या दिवशी टपालपेटीला लाल रंग मारायचा, शिक्क्याची शाई बदलायची, कोळिष्टकं काढायची, आणि साहेब गाडीत बसून गेले की पुन्हा जैसे थे. तपासणीच्या दिवशी जे नीट दिसलं ते नीट, हे त्यांचं जन्माचं शहाणपण. साखरेच्या बाबतीत या शहाणपणाने त्यांच्या एकट्याच्या तब्येतीची वाट लागली असती आणि प्रकरण घरातच मिटलं असतं. पण भाईंनी तेच शहाणपण जमिनीला लावलं आणि सगळ्या वाडीचं वाटोळं केलं.

वाडीचं नाव खाजणवाडी. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून मागे राखलेली सखल जमीन. बांध धड असला तर आत भात, बांध फुटला तर आत खाडी. इथला बांध मधोमध फुटला होता आणि पाणी सोडायची-अडवायची उघाडी कुजून तिचं दार केव्हाच वाहून गेलं होतं. खिंडाराच्या बरोबर मागे भाईंचा कुणगा, म्हणजे भाताची खाचरं. प्रत्येक उधाणाला खारं पाणी पाहुण्यासारखं यायचं आणि जावयासारखं राहायचं. वरच्या कडेचा एक कोपरा सोडला तर कुणग्यात कित्येक वर्षं भात पिकला नव्हता. घरचा लाल तांदूळ खाऊन वाढलेल्या काकी आता रेशनचा भात शिजवत आणि वाढताना एक शब्द बोलत नसत. भाईंना ते न बोलणंच जास्त झोंबायचं. एका ग्रामसभेत त्यांनी छाती ठोकून सांगून टाकलं होतं की मी मरायच्या आधी बांध होणार. घरी आल्यावर काकी म्हणाल्या होत्या, "सरकार तुमच्या मरणाची वाट बघणा नाय आणि तुमी सरकाराची बघतास."

अर्ज भाई करतच होते. मागे एकदा एक साहेब पाहणीला आले होते. त्यांनी बूट भिजू नयेत म्हणून लांबूनच कुणगा पाहिला आणि विचारलं, "जमीन तर पडीक दिसतेय. मग बांध घालून राखायचं काय?" एवढ्यावर अर्ज परत आला. ते वाक्य भाईंच्या डोक्यात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. मेलेल्या माणसाला कोणी औषध देत नाही, तेव्हा जमीन जिवंत दिसली पाहिजे, असा त्यांनी त्यातून अर्थ काढला. अर्थ चुकीचाही नव्हता, आणि त्यामुळेच तो जास्त घातक ठरला.

दिवाळीनंतर आकांक्षा नावाची मुलगी जीप घेऊन आली. मूळची कणकवलीची, आता पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टरेट करत होती. खाजणातल्या मातीच्या आत काय चाललंय ते वीज सोडून मोजायचं, असं तिचं काम. भाईंच्या कुणग्यात तिने स्टीलच्या सळ्या एका ओळीत ठोकल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि टोकाला खांबावर एक पेटी बसवली. पेटीवर सोलर पॅनल. पेटी आपली आपण मोजणार आणि आकडे पुण्याला पाठवणार. तिने भाईंना नीट समजावून सांगितलं की मातीत मीठ जास्त असलं की करंट धावत जातो आणि माती गोडी असली की अडखळतो. आकडा मोठा म्हणजे माती गोडी, लहान म्हणजे खारी. खारं पाणी कुठून शिरतं, किती खोल जातं, मुळांना हवा मिळते की माती आत कुजतेय, हे सगळं त्या आकड्यांवरून कळतं. हा अहवाल बांधाचं काम बघणाऱ्या कार्यालयालाही जाणार होता.

कार्यालय हा शब्द ऐकताच भाई ताठ बसले. "चांगलो आकडो खंयचो?" त्यांनी विचारलं.

"चांगला-वाईट असं काही नसतं, भाई," आकांक्षा ऑफिसातल्या मराठीत म्हणाली. "आहे तो आकडा. तुम्ही फक्त काही करू नका."

साखर तपासणारा पोरगाही सुई टोचताना असंच म्हणायचा. भाई समजुतीने हसले आणि तिच्या जीपची धूळ खाली बसायच्या आत मॅन्युएलच्या दारात उभे राहिले.

मॅन्युएल त्यांचा बालमित्र. भाईंच्या कुणग्याच्या वर त्याची माडांची बाग, बागेत गोड्या पाण्याची विहीर आणि विहिरीवर पंप. कुणग्याखालचा एक तुकडा त्याचाही होता आणि त्यातही खाडीच पिकत होती. भाईंनी योजना सांगितल्यावर त्याने डोकं खाजवलं.

"म्हणजे जमिनीकव शुगर आसा?"

"शुगर नाय रे, मीठ. मीठ कमी दिसाक व्हया. जमीन बरी आसा असा दिसला तर बांद मेळतलो. मेलेल्या जमिनीक कोण बांद घालता?"

मॅन्युएलला ते पटलं. माडांचं थोडं पाणी कुणग्याला दिलं तर माड काही रडूचे नाय, असं म्हणून त्याने पाइप जोडला. दुपारी वाडी जेवून आडवी झाली की हे दोघे म्हातारे सळीसळीला पाणी पाजत फिरत. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवसापासून सवय झाली. पुढे पुढे तर भाई कुठल्या सळीला किती पाणी झालं याची चौकशी आजाऱ्याच्या तब्येतीसारखी करायला लागले.

गोड्या पाण्याने मीठ खाली दबलं आणि सळ्यांच्या ओळीने हिरवंगार गवत उगवलं. साऱ्या उजाड खाजणात तेवढाच एक हिरवा पट्टा. आता गवत म्हटलं की म्हशी आल्या. म्हशींना गवतात आणि वायरीत फरक करता येत नाही, त्यामुळे एक वायर रवंथात गेली. ती गुपचूप जोडून घेतल्यावर मॅन्युएल काठी घेऊन रोज राखणीला बसू लागला. आकांक्षा आली तेव्हा तिने हिरवा पट्टा पाहून कपाळाला हात लावला आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. भाईंनी आकाशाकडे बोट दाखवलं आणि मॅन्युएलने छातीवर क्रूस काढला. दोन धर्मांची साक्ष एकदम मिळाल्यावर तिने गवताचे फोटो काढले आणि ती गेली.

शिमग्याच्या सुमारास अहवालाचा पहिला भाग आला. आकांक्षाने तो पंचायतीत वाचून दाखवला. जमीन उत्तम, खाऱ्या पाण्याचा शिरकाव नगण्य, मातीची प्रकृती सुधारत आहे, असं एकेक वाक्य ऐकताना भाई मॅन्युएलकडे बघून मिशीत हसत होते. शेवटचं वाक्य असं होतं की सध्याच्या स्थितीत बांधाची दुरुस्ती आवश्यक दिसत नाही. कार्यालयाने ते एकच वाक्य उचललं आणि खाजणवाडीचा बांध त्या वर्षीच्या कामांतून काढून टाकला.

"भाई, आमी पास झालंव मां?" मॅन्युएलने बाहेर आल्यावर विचारलं.

"पास झाल्यार औषध बंद करतत रे," भाई म्हणाले आणि पंचायतीच्या पायरीवरच बसले.

त्या दिवशी घरी काकींनी रेशनचा भात वाढला, वर कुळथाची पिठी ओतली आणि ताट सरकवलं. भाई दोन घास खाऊन उठले. माणसाने इथेच शहाणं व्हायचं असतं, एक फोन करून खरं सांगून टाकायचं असतं. पण पोस्टातला माणूस चूक झाली की ती कबूल करत नाही, दुसरी चूक करून जमाखर्च जुळवतो. गोडी जमीन दाखवून बांध जात असेल तर खारी दाखवून तो परत येईल, असा भाईंनी हिशेब मांडला.

खारी करायची तर मीठ हवं. पलीकडच्या किनाऱ्यावर शर्मिला मासळी खारवून सुकवायची. तिच्याकडे जाड्या मिठाच्या गोणी थप्पीने असत. भाईंनी टेम्पोभर मीठ मागितल्यावर ती चकित झाली.

"भाई, एवढा मीठ कित्याक? लोणचा घालतास काय?"

"व्हय."

"कोणाचा?"

"सरकाराचा," भाई म्हणाले. त्यांचा चेहरा बघून तिने गोणी मोजायला घेतल्या.

वैशाखाच्या उन्हात, भर दुपारी, भाई कुणग्यात उतरले. मीठ पसरायचं कसं हे हातालाच ठाऊक होतं. मूठ भरायची, मनगट फिरवायचं आणि पुढे पाऊल टाकायचं. याच मुठीने त्यांच्या बापाने इथे भात पेरला होता आणि याच कुणग्यात त्यांनी ती मूठ शिकून घेतली होती. दोन वाफे झाल्यावर भाईंचे डोळे भरून आले. आपण आपल्या जमिनीच्या तोंडात माती नव्हे, मीठ घालतोय हे त्यांना लख्ख कळत होतं. मॅन्युएल लांबून म्हणाला, "घामान डोळे चुरचुरतत मां? माजेव चुरचुरतत." भाईंनी हो म्हटलं. मग दोघांनी वरून खाडीचंच पाणी शिंपडलं आणि मीठ मुरवलं.

आकडे असे कोसळले की पेटी बिघडली असं समजून आकांक्षा धावत आली. पेटी ठणठणीत होती. तिच्या पाठोपाठ तिचे सर आले. हे सर मोठे विद्वान होते, जगभर फिरलेले, आणि पाणथळ जमिनींवर त्यांचा शब्द अखेरचा मानला जायचा. गोडी होत चाललेली जमीन अचानक इतकी खारी झालेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ते चिखलात गुडघ्यावर बसले आणि सळ्यांकडे प्रेमाने बघू लागले. भाईंना वाटलं, चला, काम झालं. सरांच्या तोंडून बांध हा शब्द कधी निघतो याची ते वाट बघत राहिले. सर म्हणाले, पाऊस पडू दे, मग बघू.

पाऊस पडला आणि पडायचा तेवढा पडला. मीठ धुऊन गेलं आणि आकडे पुन्हा वर चढले. सळ्यांपाशी मीठ उरलं नाही, पण ते सगळं खाडीत गेलं नाही. उधाणाने पाणी मागे रेटलं आणि बरंचसं मीठ वरच्या कडेच्या त्या एकुलत्या कोपऱ्यात जाऊन साठलं, जिथे अजून भात पिकायचा. तिथली रोपं पिवळी पडली आणि बसली. त्या वर्षी काकींच्या घरात नव्या भाताच्या पूजेला कणसं शेजारून आणावी लागली.

सरांना कोपऱ्याशी कर्तव्य नव्हतं, तिथे सळी नव्हती. त्यांच्या पडद्यावर दिसत होतं ते एवढंच की जमीन आधी गोडी होती, मग खारी झाली आणि मग कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा गोडी झाली. त्यांनी या प्रकाराला श्वास घेणारी जमीन असं नाव दिलं. पेपरात फोटो आला. सरांच्या मते जी जमीन स्वतःला दुरुस्त करते तिला बांधाची गरज नव्हती. उलट बांध घातला तर तिचा श्वास कोंडेल. म्हणून खाजणवाडीचं खाजण आता कायमच्या अभ्यासासाठी राखून ठेवायचं आणि बांधाला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. दर वर्षी पावसानंतर वाडीतली माणसं खिंडारात धोंडे आणि चिखल टाकून निदान पहिली उधाणं तरी अडवायची. तेही आता बंद, कारण त्याने आकडे बिघडतील.

मग मात्र भाई खरं सांगायला निघाले. मॅन्युएलला बरोबर घेतलं. सर बांधावर टेबल टाकून बसले होते आणि शेजारी आकांक्षा लॅपटॉप उघडून उभी होती. भाईंनी पाण्यापासून मिठापर्यंत, म्हशीसकट, सगळं सांगितलं. कसला आडपडदा ठेवला नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, भाईंसाठी चहा मागवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाई, मी तुमची भावना समजू शकतो. तुम्हाला बांध हवाय. तुमच्या जागी मी असतो तर मीही असंच काहीतरी रचून सांगितलं असतं."

"रचून नाय, सायबा. पाइप माजो होतो," मॅन्युएल म्हणाला.

"पाइपने इतका सुंदर आलेख येत नाही," सर हसून म्हणाले. "माणूस काहीही सांगेल हो. यंत्राला बांध नकोय आणि पाणीही नकोय. म्हणून मी त्याचं ऐकतो."

भाई परत फिरले तेव्हा आकांक्षा त्यांच्या मागोमाग थोडी चालत आली. तिचा चेहरा उतरला होता. तिची सारी डॉक्टरेट आता त्या श्वासावर उभी होती आणि तो श्वास कुठून आला हे तिला आत्ताच कळलं होतं. पहिल्यांदाच ती त्यांच्याशी गावच्या बोलीत बोलली.

"भाई, पयल्या पंधरवड्याचे आकडे इतके खारे होते, की बांद तातडीन व्हया असा मी लिवन ठेवलेला. मगे आकडे चढाक लागले म्हणान माजा मीच खोडलंय. तुमी कायच करूक नसतास तर एव्हाना बांदाचे दगड पडले असते."

भाई बांधावर थांबले. त्यांनी तिलाच विचारलं की तू तरी सांगशील का सरांना. सरांनी हाक मारली आणि ती लॅपटॉप सावरत गेली. भाईंना तिचा रागही करता येईना, कारण तिने जे केलं तेच ते जन्मभर करत आले होते.

थंडीत या कायमच्या अभ्यासाचं उद्घाटन ठरलं. बांधावर मांडव घातला, दिल्लीहून पाहुणे आले, वाडीतली सगळी माणसं खुर्च्यांवर बसली. सरांना स्थानिक संस्कृतीची आवड होती. मालवणात शुभकार्याआधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं घालतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं होकार देतात, हे त्यांनी ऐकलं होतं. वाडीत गाऱ्हाणं घालावं तर भाईंनीच. त्यांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि समोर माइक ठेवला. या अभ्यासाला यश मिळो एवढं मागा, असं सरांनी कानात सांगितलं.

भाईंनी टोपी नीट केली, डोळे मिटले आणि लहानपणापासून पाठ असलेल्या सुरात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"आज जी काय ही तुजी लेकरां हयसर जमली आसत, तेंच्या म्होरे माका खोटा बोलूचा नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या जमिनीक आमी पानी घातलंव म्हाराजा. मॅन्युएलाच्या पंपान घातलंव."

पाहुण्यांमध्ये खसखस पिकली. वाडी क्षणभर थबकली, पण जन्माची सवय होती. "व्हय म्हाराजा."

"मगे मीठ घातलंव म्हाराजा. शर्मिलाचा, माशाचा मीठ. जमीन श्वास घेणा नाय म्हाराजा, ती बुडता आसा. ह्ये शिकलेले लोक तिका बुडताना मोजतत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. या वेळी आवाज चढला होता. मॅन्युएल उभा राहिला होता आणि शर्मिलाने पदर डोळ्याला लावला होता.

"ज्या कोणाच्या मनात आमचा खरा ऐकूचा नसात, तेंका तू सुबुद्दी दी. नायतर एक दीस तेंच्या घरात भरतीचा पानी शिरान्दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडवात हशा मावेना. मालवणी माणसाने तोंड उघडलं की हसायचं असतं हे पुण्या-मुंबईच्या लोकांना नाटकं बघून माहीत होतं आणि दिल्लीचे पाहुणे त्यांचं बघून हसत होते. सगळ्यांनी मोबाइलवर गाऱ्हाणं टिपून घेतलं. सरांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं होतं. त्यांनी भाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"वा, भाई! काय विनोदबुद्धी आहे तुमची. आणि भाषा तरी किती गोड! पुढच्या वर्षीही तुम्हीच घालायचं, अगदी असंच."

आकांक्षा मात्र हसत नव्हती. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, आणि पाहुण्यांना सळ्या दाखवायला सरांनी बोलावलं तेव्हा ती गेली.

भाई खाली उतरले. काकी बांधाच्या टोकाला उभ्या होत्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

"खोटा केलात तेव्हा सगळ्यांनी लिवन घेतल्यानी," त्या म्हणाल्या. "आज खरा सांगलात तर टाळये वाजयल्यानी. चला, भात निवता."

भाईंनी शालीची घडी घालून ती काखेत धरली. मांडवात नाश्ता वाटायला सुरुवात झाली होती आणि पाहुणे भरतीचं पाणी पाहायला खिंडाराशी गर्दी करत होते. पाणी आत शिरून कुणग्यात पसरत होतं. दोघांनी चपला हातात घेतल्या आणि ती त्या पाण्यातून चालू लागली, कारण घराची वाट कुणग्यातूनच जात होती.